साडेपाच तासांत अमेरिका

डिसेंबरात भावाने आमची तिकिटं काढून मेल केली आणि मी ऑफिसातून प्रिंट काढून आणली, कारण मोबाइलवरचं तिकीट हे आईला तिकीट वाटतच नाही, हातात कागद लागतो. तिने चष्मा लावला, ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं आणि म्हणाली, "रात्री दीडला सुटतं नि सकाळी सात दहाला पोचतं. म्हणजे साडेपाच तास नि वर दहा मिनिटं. एवढा काय बाऊ करता गं तुम्ही अमेरिकेचा, एसटीने राजापूरला जायला याच्या दुप्पट लागतात."

मी हसले. सातवीतला माझा लेक तर सोफ्यावरून खालीच पडला. मग आम्ही दोघांनी मिळून तिला समजावलं की तसं नसतं, तिथलं घड्याळ आपल्यामागे असतं, साडेदहा तास मागे, त्यामुळे तिथे सकाळचे सात दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे पाच चाळीस झालेले असतात, म्हणजे खरे लागतात १६ तास १० मिनिटं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते मधले साडेदहा तास गेले कुठे?"

आता याला काय सांगणार. म्हटलं, गेले नाहीत गं, परत येताना मिळतात. ती म्हणाली, "बँकेत आहेस म्हणून काहीही सांगतेस."

तर ही पोस्ट त्या साडेदहा तासांबद्दल आहे. आणि मुंबई ते न्यूयॉर्क किती लांब, किती वेळ लागतो, हे जे सगळे विचारतात त्याबद्दल पण, कारण जायच्या आधी महिनाभर मला डोंबिवलीत भेटेल त्या माणसाने हेच विचारलंय आणि मी दर वेळी वेगळं उत्तर दिलंय. आमचं विमान खरं तर नेवार्कला उतरणार होतं, ते न्यूजर्सीत येतं, पण न्यूयॉर्कच्या अगदी शेजारी आहे म्हणून सगळे न्यूयॉर्कच म्हणतात. आपण नाही का डोंबिवलीत राहून बाहेरच्यांना मुंबई सांगत.

घड्याळाचं आधी सांगते. भाऊ न्यूजर्सीतल्या एडिसन गावी राहायला गेल्यापासून आमच्या घरात फरक कधी साडेनऊ तास असतो, कधी साडेदहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात, आणि त्या दोन आठवड्यांत आमच्या व्हिडिओ कॉलचा हमखास घोटाळा होतो, आई नटूनथटून फोनसमोर बसलेली आणि तिकडे भाऊ अजून दात घासतोय. तिचं ठाम मत आहे की घड्याळ असं हलवणं म्हणजे सरकारने करायचा चावटपणा आहे. पण आपल्याकडे काय फार शहाणपणा होता असं नाही हं. सगळ्या देशाला एक वेळ १९०६ मध्ये ठरली तरी मुंबईने आपली वेगळी वेळ, बॉम्बे टाइम, चक्क १९५५ पर्यंत चालवली. ती इंडियन स्टँडर्ड टाइमच्या ३९ मिनिटं मागे असायची. म्हणजे स्टेशनवर एक वाजलेत आणि बाहेर दुसरेच, अशी गंमत याच शहरात होती. हे मी आईला सांगितलं तर म्हणाली, "मी १९५४ ची. म्हणजे मी जन्मले तेव्हा चालूच होतं म्हण की हे." आणि खूश झाली, का ते कळलं नाही.

आता अंतर. गुगलवर टाकलं की साधारण साडेबारा हजार किलोमीटर येतं. हे आकाशातलं सरळ अंतर, पण सरळ म्हणजे काय हे मला स्वतःला चाळिशी ओलांडेपर्यंत नीट माहीत नव्हतं, प्रामाणिकपणे सांगते. भिंतीवरच्या नकाशावर बघितलं तर मुंबईतून पश्चिमेला निघायचं, अरबस्तान, आफ्रिकेचा वरचा भाग, मग अटलांटिक आणि आलं न्यूयॉर्क, असंच वाटतं ना? एका रविवारी लेकाचा शाळेतला पृथ्वीगोल काढला, आणि सकाळच्या फुलपुडीचा दोरा कचऱ्यात टाकायचा राहिला होता तो घेतला. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि मधला दोरा ताणला. ताणल्याबरोबर तो सर्रकन वर सरकला. इतका वर, की आम्ही तिघंही बघत राहिलो. मुंबईतून निघाल्यावर बलुचिस्तान-अफगाणिस्तानची सीमा, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मग मॉस्कोच्या अगदी जवळून रशिया, फिनलंड, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून, कॅनडाचा तो लॅब्रॅडोरचा तुकडा आणि मग वरून खाली न्यूयॉर्क. म्हणजे अमेरिकेला जायला मुंबईतून नाक करायचं ते पश्चिमेला नाही, जवळजवळ उत्तरेलाच, थोडंसं डावीकडे.

आई म्हणाली, "बर्फावरून कशाला नेतात माणसांना?" कारण तेच जवळ आहे. गोल वस्तूवर दोन टोकांमधला सगळ्यात छोटा रस्ता सपाट कागदावर काढला की वाकडा दिसतो, आणि कागदावर पट्टी ठेवून जो सरळ दिसतो तो खरा लांबचा असतो. मी नंतर सूत्र शोधून हिशेब केला (बँकेत आहे, तेवढं येतं). कागदावरच्या सरळ रेषेने, म्हणजे होकायंत्राची दिशा न बदलता गेलं तर सुमारे १४,२०० किलोमीटर होतात. सोळाशे-सतराशे किलोमीटर फुकटचे जास्त! मुंबई-दिल्ली विमानाचं अंतर साडेअकराशेच्या आत आहे, त्यावरून काय ते समजा. नुसता दोरा ताणून एवढं वाचतं.

अजून एक गोष्ट त्या दोऱ्याने कळली. भावाचा मित्र सांगत होता की लंडनवरून जाऊ नका, केवढा फेरा पडतो. फेरा कसला? मुंबई-लंडन ७,२०० आणि लंडन-न्यूयॉर्क साधारण ५,५४०, बेरीज केली तर थेटपेक्षा दोनशे किलोमीटरच्या आसपास जास्त. दुबईवरून गेलात तर चारशेएक जास्त. अंतर म्हणून बघाल तर हे काहीच नाही, पण मधे उतरायचं, परत सिक्युरिटी, गेट शोधत चालायचं, तीन-चार तास खुर्चीवर, यातच सगळा वेळ जातो, आमचं स्वस्तातलं तिकीट बावीस तासांचं होत होतं. आईचे गुडघे बघून भाऊ म्हणाला ताई, पैसे गेले तरी चालतील, फास्टच पकड. लोकलवाल्या माणसाला एवढं पुरतं.

बरं, दोरा ताणला म्हणून विमान दोऱ्यावरून जातं असं नाही. खाली देश आहेत आणि देशांची भांडणं आहेत. पाकिस्तानची हवाई हद्द २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै बंद होती, आणि एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांच्या विमानांना परत बंद झाली. रशियावरून अमेरिकन आणि युरोपियन कंपन्यांची विमानं २०२२ पासून जात नाहीत. म्हणजे दोऱ्याला मधेच खिळे ठोकल्यासारखं, हा खिळा चुकवून डावीकडे, तो चुकवून खाली. आमचं विमान आधी अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूला गेलं, मग आखात, इराक, तुर्कस्तान, आणि युरोप ओलांडून अटलांटिक. सीटसमोरच्या स्क्रीनवर मी हे सगळं बघत होते, सिनेमा एक पण नाही बघितला.

पण मी विमानात फारच लवकर जाऊन बसले. आधी डोंबिवली ते सहारचा विमानतळ आहे ना. माझ्या मते मुंबई-न्यूयॉर्क प्रवासातला सगळ्यात अवघड टप्पा हाच.

दीडचं विमान, तीन-साडेतीन तास आधी पोचा म्हणतात, व्हीलचेअर सांगितली होती म्हणून मी अजून थोडा वेळ धरला, आणि संध्याकाळी सव्वासातला आम्ही टॅक्सीत बसलो. डोंबिवली ते टी-टू, म्हणजे सहारचं टर्मिनल दोन, साधारण चाळीस किलोमीटर. कल्याण-शीळ रोड, शिळफाटा, महापे, ऐरोलीचा पूल, मग जेव्हीएलआर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. ज्यांनी शिळफाटा संध्याकाळी बघितलाय त्यांना मी काही सांगायला नको आणि ज्यांनी नाही बघितला त्यांना सांगून कळणार नाही. आम्हाला बरोबर दोन तास लागले. म्हणजे ताशी वीस किलोमीटर. ड्रायव्हरदादा पवईला सिग्नलवर उभे असताना मी मोबाइलवर भागाकार केला, या वेगाने न्यूयॉर्क किती? सव्वीस दिवस. आणि मग आठवलं की बाबांचे एक चुलते बोटीवर होते, रत्नागिरीकडची बरीच माणसं असायची तशी, ते सांगायचे की बॅलार्ड पिअरवरून निघालेली बोट सुएझमधून लंडनला जायला तीन आठवडे घ्यायची. म्हणजे आम्ही पवईच्या सिग्नलला बोटीच्याच वेगात होतो.

नंतर, ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं परदेशी विमान मुंबईहून लंडनला गेलं, मलबार प्रिन्सेस नावाचं, पंख्यांचं, आणि ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत थांबत गेलं. मग १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं, जेट, आणि त्याच वर्षी लंडनमार्गे न्यूयॉर्क सुरू झालं. आणि आज माझी आई मधे कुठेच न उतरता जाते आणि वर म्हणते साडेपाच तास.

एअरपोर्टवरचं थोडक्यात. दोघींच्या मिळून चार बॅगा, प्रत्येकी २३ किलो, शेजाऱ्यांच्या हुकच्या काट्यावर चार-चारदा मोजलेल्या. आत डिंकाचे लाडू, आळीव, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कारण वहिनी बाळंतीण आणि एडिसनला सगळं मिळतं हे आईला मान्य नाही. पिठं-मसाले चेक-इन बॅगेतच टाका, अमेरिकेच्या फ्लाइटला हँडबॅगेत ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर असली की वेगळी तपासणी लागते, आणि भाजणी ही काय चीज आहे हे रात्री अकरा वाजता सिक्युरिटीवाल्यांना समजावायचं म्हणजे.

आणि एक लोकांना माहीत नसतं, तिकिटावरचे १६ तास १० मिनिटं म्हणजे उडण्याचा वेळ नाही. गेट सोडल्यापासून तिकडच्या गेटला लागेपर्यंतचा तो वेळ. आमचं दार एक पस्तीसला बंद झालं आणि चाकं जमिनीवरून सुटली दोन दहाला. मधली पस्तीस मिनिटं आम्ही रनवेच्या रांगेत. मुंबईला रनवे दोन आहेत पण ते एकमेकांना कात्रीसारखे छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत, सगळा भार एकावर. आई खिडकीतून बघत होती, पुढे चार-पाच विमानांचे लाल दिवे. म्हणाली, "इथे पण शिळफाटाच."

विमान वर गेल्यावर तिचे प्रश्न सुरू झाले. पहिला, पेट्रोल कुठे भरतात? म्हटलं कुठेच नाही, सगळं घेऊनच निघालोय, पंखांमधे टाक्या असतात. बोइंग ७७७-३००ईआर च्या टाक्यांत १ लाख ८१ हजार लिटर मावतं, आणि ते पेट्रोल नसतं, शुद्ध केलेलं रॉकेलच असतं. झालं. "घासलेट? घासलेटवर चालतं हे?" रेशनच्या दुकानासमोर पाच लिटरचा डबा घेऊन ती किती वर्षं उभी राहिली आहे त्याला मोजमाप नाही. पुढचा अर्धा तास ती गप्प होती, बहुतेक लिटरचा हिशेब लावत असावी.

दुसरा प्रश्न तिने तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडून आणला होता. काका म्हणे की एवढं उडायचं कशाला, विमान नुसतं वर जाऊन थांबलं तर खाली पृथ्वी फिरेलच की, अमेरिका आपोआप खाली येईल. ऐकायला भारी आहे. पण पृथ्वीबरोबर हवा पण फिरते, आणि विमान उडायच्या आधीच मुंबईबरोबर पूर्वेकडे ताशी जवळपास १,५८० किलोमीटरने पळत असतं, वर गेल्यावर तो वेग काही खाली ठेवून येत नाही. धावत्या लोकलमधे चिंच वर उडवली तर ती हातातच पडते, मागच्या डब्यात नाही, तसंच. आईला हे पटलं. काकांना अजून नाही पटलेलं.

मग जेवण आलं, आई थोडं झोपली, मी तिला दर दोन तासांनी उठवून मागच्या किचनपर्यंत चालवून आणत होते, पाय सुजू नयेत म्हणून, डॉक्टरांनी सांगितलंच होतं. प्रत्येक वेळी ती खिडकीची पट्टी वर करायची आणि म्हणायची, "अजून काळोखच?" तुर्कस्तानवर काळोख. जर्मनीच्या आसपास काळोख. नऊ तास झाले, दहा झाले, माझ्या मनगटावर मुंबईचे दुपारचे बारा वाजले, बाहेर मिट्ट. अटलांटिकवर तर चांदण्या एवढ्या की डोंबिवलीत आम्ही वर्षभरात मिळून बघत नाही. ती रात्र संपेचना.

हे का होतं ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं, आणि कळल्यावर अंगावर काटा आला, थंडीचा नव्हे. रात्र पण पश्चिमेकडेच सरकत असते ना. विषुववृत्तावर ती ताशी १,६७० किलोमीटरने पळते, तिला विमान गाठू शकत नाही. पण जसजसं उत्तरेला जावं तसा पृथ्वीचा घेर लहान होतो आणि रात्रीचा वेग कमी होतो. ६० अंशांवर तो बरोबर निम्मा, ८३५. विमान साधारण तेवढंच पळतं! म्हणजे तेवढ्या उत्तरेला पश्चिमेकडे तोंड करून उडणाऱ्या विमानासाठी वेळ जवळजवळ थांबते, रात्रीचे तीन तर तीनच. आम्ही त्याच्या जरा खाली, ५० अंशांच्या आसपास होतो, तिथे रात्र ताशी १,०७० ने सरकते आणि समोरून वारा असल्यामुळे आम्ही आठशेने. म्हणजे सूर्य मागून येत होता, पण बैलगाडीने. आम्ही रात्रीबरोबर चाललो होतो आणि ती आम्हाला हळूहळू मागे टाकत होती, एवढंच.

उतरताना खिडकीत मागच्या बाजूला नारिंगी पट्टा दिसला, खाली बर्फ, आणि नेवार्कच्या गेटला लागलो तेव्हा तिथल्या घड्याळात सात दहा. आईने खिडकीची पट्टी परत खाली केली, पर्समधून तिकिटाचा तो कागद काढला, दीड, सात दहा, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "एकच रात्र झाली. दीडला बसलो नि उजाडता उतरलो. साडेपाच तास म्हटलं होतं ना मी?"

काय बोलणार? मनगटावरचं घड्याळ म्हणत होतं सोळा तास, पण सूर्याच्या हिशेबाने तीच बरोबर होती. आमच्यापुरतं आकाश खरंच तेवढंच, पाच-सहा तासांचं फिरलं होतं. साडेदहा तास कुठे गेले, तर त्या न संपणाऱ्या रात्रीत गेले, आम्ही ते रात्रीच्या मागे पळण्यात घालवले. हे मी तिला सांगायला गेले तर तिला आता व्हीलचेअरवाला दादा येतो की नाही याची चिंता होती.

इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्सला लाडू दाखवणं, यात दीड-पावणेदोन तास. भाऊ गाडी घेऊन आला होता, एडिसनला घरी पोचलो तेव्हा पावणेदहा. डोंबिवलीच्या दारातून एडिसनच्या दारापर्यंत बरोबर पंचवीस तास. कोणी विचारलं किती लागतात, तर मी आता पंचवीस सांगते. त्यातले नऊ तास जमिनीवरचे, हे लक्षात ठेवा.

एडिसनमधलं फार सांगत नाही, चार आठवडे होतो, थंडी होती, बाळ गोड आहे. पण ते साडेदहा तास तिथे पण पाठ सोडत नव्हते. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं म्हणतात, आणि मुंबई-न्यूयॉर्क म्हणजे जवळपास उलटंच, दिवसाची रात्र. आई रात्री अडीचला टक्क जागी, कारण इकडे दुपारचा एक. पहिल्या रात्री तिने भावाच्या किचनमधे दोन जुड्या मेथी निवडली. दुसऱ्या रात्री बाळ रडलं तर तिनेच उचललं, आणि पुढचे आठ-दहा दिवस रात्रीची पाळी आपोआप आजीची झाली. भाऊ-वहिनी दोन महिन्यांत पहिल्यांदा सलग झोपले. मग हळूहळू आईला तिथली झोप लागायला लागली आणि भावाचा चेहरा पडला.

तिची बीपीची गोळी सकाळी आठची. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की प्रवासात मुंबईच्या घड्याळानेच घ्या, म्हणून तिच्या मनगटावर शेवटपर्यंत मुंबईचीच वेळ ठेवली (तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, गोळीगोळीत फरक असतो). खरी अडचण झाली ती संकष्टीला. कालनिर्णय बरोबर नेलं होतं, पण त्यातला चंद्रोदय मुंबईचा. मुंबईत चंद्र उगवतो तेव्हा एडिसनला सकाळ. आई म्हणाली मग सकाळीच सोडू का उपास? आणि स्वतःच म्हणाली, छे, मग उपास केला कधी. बराच ऊहापोह होऊन ठरलं, जिथे आपण तिथला चंद्र. रात्री आभाळ भरलेलं, चंद्राचा पत्ता नाही, भावाने मोबाइलवर वेळ काढून दाखवली आणि आईने त्या स्क्रीनलाच नमस्कार करून मोदक घेतला.

परतीचं विमान रात्री नऊला नेवार्कहून, मुंबईला दुसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला. या वेळी १५ तास. तेच अंतर, एक तास दहा मिनिटं कमी. आईने विचारलंच, उतार आहे का? जवळजवळ तसंच. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जबरदस्त लोट वाहत असतो, जेट स्ट्रीम, आणि हिवाळ्यात ध्रुवाकडची थंडी वाढली की तो अजून जोरात. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. जाताना स्क्रीनवर वेग आठशेच्या आसपास रेंगाळत होता, येताना अटलांटिकवर एक हजाराच्या पुढे गेलेला मी बघितला. आईला एवढं सांगितलं की भरतीला होडी खाडीतून वर आणतात आणि ओहोटीला वल्हवत बसतात, तसं. राजापूरच्या बाईला याच्यापुढे सांगावं लागत नाही.

आणि येताना उलटं. सूर्य समोरून येतो, दिवस दुपारच्या डुलकीएवढा होतो. युरोपच्या अलीकडे उजाडलं, जेवण झालं, एक झोप काढली, आणि आखातापर्यंत परत काळोख. आई म्हणाली, "आज दुपारच नाही झाली."

साडेदहाला उतरलो, बॅगा यायला तास, टॅक्सी मिळायला अर्धा, आणि रात्री बाराच्या पुढे ट्रक सोडतात तेव्हाचा शिळफाटा. घरी पोचायला दोन वाजले. मला वाटलं आता ही झोपेल, पण शरीराचे दुपारचे साडेतीन, झोप कुठली. किचनमधे दिवा लागलेला दिसला म्हणून गेले तर आई ओट्याशी बसून, परत आणलेलं कालनिर्णय पालथं घालून, पेन्सिलीने काहीतरी मांडत होती. जाताना ५ तास ४० मिनिटं. येताना रात्री नऊ ते दुसऱ्या रात्री साडेदहा, २५ तास ३० मिनिटं. तिकिटावरच्या वेळा जशाच्या तशा घेऊन. खाली बेरीज, ३१ तास १० मिनिटं. त्याच्या खाली भागिले दोन.

पंधरा तास पस्तीस मिनिटं.

मी तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर करून बघितलं. खरे १६ तास १० मिनिटं आणि खरे १५ तास, बेरीज ३१ तास १० मिनिटं, सरासरी १५ तास ३५ मिनिटं. एका मिनिटाचा फरक नाही. जाताना जे साडेदहा तास कापले गेले ते येताना जोडले गेले, आणि दोन्ही एकत्र घेतले की घड्याळाचा फरक उडून जातो, वारा पण बऱ्यापैकी उडतो. मी सूत्रं शोधत होते, हिने पेन्सिलीने काढलं.

"मिळाले परत," ती म्हणाली. "तू म्हणाली होतीस ते. बरोबर आहे हिशेब." आणि मग दूध तापवायला ठेवत, "चहा टाकू का गं, तुझी पण झोप गेलेलीच दिसते."